गाणं थांबलं की रांग मोडते

ताई उलटी चालत होती, म्हणून हे सगळं घडलं.

ताई सरळ चालते ती फक्त घरी जाताना. एरवी शाळेत तोंड मुलांकडे आणि पाठ साऱ्या जगाकडे. वाळूच्या हौदापासून नळापर्यंत बालवर्गाची गाडी निघाली, की पुढे ती उलट्या पावलांनी, आणि समोर एकमेकांचे सदरे धरून तिची पिल्लं. कुणाच्या नाकाला वाळू, कुणाच्या कानात वाळू, एकाच्या तर खिशातून वाळूची धारच लागलेली. आणि या सगळ्यावर तिचा आवाज, कोवळ्या उन्हासारखा पसरलेला...

मळके मळके हात निघाले भेटीला,
नळबाई नळबाई, पाणी द्या जोडीला!

त्या सकाळी व्हरांड्याच्या वळणावर एक शिडी उभी होती. आदल्या दिवशी नव्हती. ताईची पाठ तिच्यावर अशी काही आपटली, की शिडी डुलली, शिडीवरचा माणूस डुलला, आणि त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर सुटून जो खाली आला तो ताईच्या अंबाड्यात रुतून ताठ उभा राहिला. खोटं वाटतंय? साक्षीदार भरपूर आहेत. सगळे गुडघ्याएवढे आहेत हे खरं, पण एकानेही अजून साक्ष फिरवलेली नाही.

"अहो, मागे बघून चालायला काय होतं?" वरून आवाज आला.

दुसरी कुणी असती तर तिथेच थांबून तिने त्याची हजेरी घेतली असती. ताईला थांबता येईना. गाणं थांबलं की रांग मोडते, रांग मोडली की मुलं चारी दिशांना, आणि मग त्यांना गोळा करता करता दुपार. तेव्हा तिने भांडण काढलं, पण त्याच चालीत.

शिडीवरचे दादा, शिडी घ्या की बाजूला,
गाणं माझं थांबलं तर रांग जाईल वाऱ्याला!

मुलं खिदळली. वरच्या माणसाने घसा खाकरला आणि — सूर कुठे, ताल कुठे, काही विचारू नका — उत्तर दिलं,

शिडी कशी हलवू, वरती आहे मी,
खाली उतरेपर्यंत जरा थांबा तुम्ही!

"थांबता येत नाही, थांबलं की रडतात," ताई जागच्या जागी पावलं नाचवत गायली, "तुमच्यासारखे मोठेच तेवढे वाटेमध्ये अडतात!"

तो उतरला. शिडी भिंतीला टेकवून अंग चोरून उभा राहिला. ती उलट्या पावलांनी त्याच्या समोरून गेली, तेव्हा दोघांची नजर भेटली. तिने नजर काढून घेतली ती मुलांवर ठेवली, कारण तिथे ती ठेवायला हक्काची जागा होती. त्याच्याकडे अशी जागा नव्हती. तो बघतच राहिला... आणि गाडी नळाशी पोचल्यावर त्याला आठवलं, की आपला स्क्रूड्रायव्हर त्या बाईंच्या डोक्यात आहे.

तो घंटेवाला होता. विजेच्या घंटा बसवायचा. आणि घंटांचा त्याला भारी अभिमान. "माझ्या घंटेवर अख्खे कारखाने उठतात आणि बसतात," स्क्रूड्रायव्हर परत घेताना त्याने ऐटीत सांगितलं. "तुमची शाळा तर काय, चिमूटभर."

"आणि इथे कशाला घंटा?"

"मोठ्या बाईंनी सांगितलंय. साऱ्या इमारतीला एकच घंटा. वरचे वर्ग, खालचा वर्ग, सगळे एकदम."

ताईच्या हातावरून नळाचं पाणी निथळत होतं. तिने ते पुसलं नाही. खालचा वर्ग म्हणजे तिचा वर्ग.

त्या वर्गात घंटा कधी वाजलीच नव्हती. ठोकळे आवरायचे तर त्याचं एक गाणं, हात धुवायचे त्याचं एक, झोपायचं एक, घरी जायचं एक. सगळी तिने बांधलेली. कुणी जोरात "चला!" म्हटलं तरी तिचं कपाळ आठ्यांनी भरायचं. तिच्या वर्गात मुलं रडत आत यायची आणि हसत बाहेर जायची, आणि याचा अभिमान तिच्या चालण्यात दिसायचा, मग ती उलटी का चालेना.

ती तडक मोठ्या बाईंच्या खोलीत गेली. मोठ्या बाई वाईट नव्हत्या. पण इमारत एक, शिस्त एक, असा त्यांचा बाणा.

"अगं, गाणी ठीक आहेत. पण तू एक दिवस आली नाहीस तर? वर्ग काय तुझ्या गळ्यावर चालवायचा?"

"माझ्या गळ्यावरच चालतो, बाई," ताई म्हणाली. "ज्या दिवशी तो घंटेवर चालेल, त्या दिवशी मी या शाळेत नसेन."

बोलून गेली आणि मग तिलाच धडकी भरली. पण बोललेलं मागे घेणं हे तिच्या घराण्यातच नव्हतं.

पहिली घंटा वाजली तेव्हा घंटेवाला मुद्दाम खालच्या वर्गाच्या दारात उभा राहिला. आपलं काम लोकांच्या तोंडावर बघायला त्याला आवडायचं. घंटा अशी कडकडली, की छपरावरची कबुतरं उडाली आणि त्यातली काही म्हणे दुसऱ्या गावात जाऊन स्थायिक झाली. वरच्या मजल्यावर बाकं सरकली, सगळं शिस्तीत. खाली मात्र ठोकळ्यांचा मनोरा कोसळला, एक मुलगी भोकाड पसरून बसली, तिचं बघून दुसरी, आणि चिकटरावाने टेबलाचा पाय दोन्ही हातांनी घट्ट धरला.

चिकटराव हे त्याला शाळेने दिलेलं नाव. सुरुवातीला तो रोज सकाळी फाटकाच्या गजांना चिकटायचा. बाबांनी एक बोट सोडवावं तर दुसरं चिकटायचं. ताईच्या गाण्याने तो सुटला होता. आता पुन्हा चिकटला.

ताईने घंटेवाल्याकडे पाहिलंही नाही. खाली बसली, चिकटरावाच्या बोटांवर बोट ठेवून हळूच गुणगुणू लागली. एकेक बोट सुटत गेलं.

"माझ्या घंटेला आजवर कुणी रडलं नव्हतं," दारातला माणूस पडलेल्या आवाजात म्हणाला.

"तुमच्या घंटेत खोट नाही," ती म्हणाली. तिला खरं तर टोमणा मारायचा होता, पण त्याचा चेहरा बघून निघाला नाही. "मुलाला खेळणं जड जात नाही आणि झोपणंही जड जात नाही. जड जातं ते खेळ सोडून झोपेकडे जाणं. मधे जी जागा असते ना... तिथे त्याच्या पायाखाली काहीच नसतं. मी तिथे गाणं अंथरते. तुम्ही तिथे दणका देता."

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. तिसऱ्याही. घंटेचा आवाज मऊ करायचाय, तोवर खाली गाणीच चालू द्या, असं मोठ्या बाईंना सांगायचा. कधी वाटी बदलायचा, कधी टोल्याला कातडं लावायचा. आणि ताईची गाडी वळणावर यायच्या आत शिडी आपली आपण बाजूला घेऊन ठेवायचा. एवढंच नाही, तर वाटेतला खडासुद्धा पायाने सरकवायचा, कारण उलट चालणाऱ्याला खडा दिसत नाही.

"आज शिडी दिसली नाही," ती एकदा म्हणाली.

"तुम्हाला कशी दिसणार? तुम्ही तर पाठ करून येता."

"पाठीला कळतं."

"काय काय कळतं तुमच्या पाठीला?"

"कोण बघतंय ते."

घंटेवाल्याच्या हातातला स्क्रू खाली पडला आणि तो शोधायला त्याला बराच वेळ लागला.

सगळी शाळा तिला ताई म्हणायची. मुलं, मुलांचे आईबाप, फाटकावरचा रखवालदार, मोठ्या बाईसुद्धा. घंटेवाला म्हणायचा नाही. "अहो" म्हणायचा, "ऐकलंत का" म्हणायचा, नाहीतर नुसता खोकायचा. शेवटी तिने विचारलंच.

"तुम्हाला काय ताई म्हणायला कमीपणा वाटतो?"

"कमीपणा नाही. अडचण वाटते."

"कसली?"

"ताई म्हटलं की... पुढे काही बोलायला जागाच उरत नाही हो." त्याचे कान लाल झाले होते. "आणि तुम्ही त्या पहिल्या दिवशी गाण्यात मला दादा म्हणालात, तेवढंही मागे घ्या."

"गाण्यातले शब्द मागे घेता येत नाहीत. चाल बिघडते."

"मग बिघडू द्या!"

ती वळली आणि वर्गात गेली. सरळ चालत गेली, आणि सरळ चालायची सवय नसल्यामुळे दाराच्या चौकटीवर आपटली. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

असं सगळं गोडीगुलाबीने चाललं होतं, आणि मग घंटेवाल्याने घोटाळा केला.

त्याला गाता येत नव्हतं, पण शीळ मात्र अशी गोड घालायचा की विचारता सोय नाही. त्या सकाळी तो शिडीवर होता, ऊन अंगावर आलं होतं, मन भरून आलं होतं. काम करता करता ओठांवर शीळ आली. कुठली आली? रोज ऐकून ऐकून डोक्यात बसलेली. घरी जायच्या गाण्याची.

चपला झाल्या जाग्या, दप्तर बसलं पाठी,
खेळ झोपले खोक्यात उद्याच्यासाठी...

आत मुलं फळांच्या फोडी खात होती. शीळ ऐकली आणि हातातल्या फोडी हातात ठेवून सगळी उठली. कुणी रडलं नाही, ढकललं नाही. चपला पायात, दप्तरं पाठीवर, सदरे धरून रांग तयार. ताई पलीकडच्या खोलीतून फडकं घेऊन येते तो वर्ग रिकामा. शीळ चालूच. रखवालदाराने सवयीने स्टूल उचललं आणि तो घराकडे निघाला. स्वयंपाकघरातल्या मावशींनी अ‍ॅप्रन सोडला. समोरच्या दुकानदाराने फळ्या लावल्या. रस्त्यावरचं एक कुत्रं, ज्याला घरच नव्हतं, तेसुद्धा म्हणे कुठेतरी निघून गेलं.

रांग फाटकापाशी पोचली आणि तिथे समोरून मोठ्या बाई आल्या.

"हे काय चाललंय?"

"घली," चिकटराव अभिमानाने म्हणाला. त्याला र यायचा नाही.

ताई धावत आली, शिडीवरची शीळ अर्ध्यात मेली, आणि मोठ्या बाईंनी एकदा तिच्याकडे, एकदा शिडीकडे पाहिलं.

"म्हणजे रस्त्याने जाणारा कुणीही शीळ घालेल आणि माझी मुलं फाटकाबाहेर? उद्या घंटेवर वर्ग चालवून बघायचा. मी स्वतः येते. चालला, तर गाणी कायमची बंद."

"आणि मग मीही," ताई म्हणाली. आवाज कापला, पण मान खाली गेली नाही.

शाळा सुटल्यावर घंटेवाला फाटकापाशी उभा होता. हलकी सर येऊन गेली होती, गजांवर थेंब लोंबत होते. ती पुढे निघाली. तो मागे.

"चुकलं माझं."

तिने पावलं आणखी झपझप टाकली.

"अहो, ऐकलंत का... माझ्या शिळेवर मुलं निघाली, यात माझी काही बढाई नाही."

ती गर्रकन वळली. "तेच तर! माझ्या गाण्यावर माझ्याच आवाजात चालतात, असं मला वाटायचं. मी आहे म्हणून चालतात, असं..." तिचे डोळे भरले आणि डोळे भरले म्हणून ती आणखी चिडली. "तुमच्या शिळेवरसुद्धा निघाली. मी नव्हतेसुद्धा तिथे."

त्याने पिशवी या हातातून त्या हातात केली. मग खालच्या आवाजात म्हणाला, "एक तार ढिली करतो. उद्या घंटा वाजणारच नाही. कुणाला कळणार नाही."

"काय म्हणालात?"

"तुमच्यासाठी. एकदाच."

"मला बिघडलेल्या घंटेला हरवायचंय?" ताई कडाडली. "तुम्हाला मी काय वाटले? हरायचं तर चांगल्या घंटेकडून हरेन. मी उद्या ओठसुद्धा उघडणार नाही, हा माझा शब्द. वाजवा तुमची घंटा, आणि आजवर वाजली नाही अशी वाजवा!"

घंटेवाल्याच्या छातीवरून दगड उतरला. आपली घंटा आपल्याच हाताने मुकी करायची, या विचाराने त्याचा जीव अर्धा झाला होता. तो तिच्याकडे बघत राहिला. आपल्यासारखंच खुळं माणूस जगात आणखी एक आहे, हे त्याला त्या क्षणी कळलं.

"वाजवतो," तो म्हणाला. "अशी वाजवतो, की तुम्हालासुद्धा आवडेल."

आणि वाजवली. दुसऱ्या दिवशी घंटा अशी वाजली, जसं पितळेच्या भांड्यात कुणी मोती सोडावेत. मुलांनी माना वर केल्या. कुणीही रडलं नाही. चिकटराव तर "छान!" म्हणाला. आणि मग सगळी पुन्हा खाली बघून ठोकळे रचू लागली.

मोठ्या बाई मधोमध उभ्या होत्या. "चला, घंटा झाली. ठोकळे ठेवा. हात धुवायला."

मनोरा आणखी उंच झाला.

"चला म्हटलं ना!"

काहींनी ताईकडे पाहिलं. ताई खिडकीशी ओठ मिटून उभी होती. तिने शब्द दिला होता, आणि शब्द पाळायला किती ताकद लागते ते तिच्या मुठींकडे बघून कळत होतं. दारात घंटेवाला, त्याच्याही मुठी तशाच. एका चिमुरडीचा ओठ थरथरू लागला... ताईचं पाऊल पुढे पडलं, आणि तिने ते मागे घेतलं.

चिकटराव उठला. त्याने मोठ्या बाईंचं बोट धरलं.

"तुम्हाला गाणं येत नाही?"

"नाही रे," मोठ्या बाई म्हणाल्या. पहिल्यांदाच थोड्या ओशाळल्या.

"लडू नका. मी शिकवतो. सोप्पं असतं."

आता इतक्या मोठ्या माणसाला इतक्या लहान माणसाने समजावलं, तर तो नाही तरी कसं म्हणणार? मोठ्या बाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. आवाज काय सांगावा! वर्षानुवर्षं तेल न मिळालेल्या फाटकाचा आवाज. आधी ठोकळ्यांचं गाणं, मग मळक्या हातांचं. ओळ चुकली, की चिकटराव त्यांचं बोट हलवून दुरुस्त करायचा. पण ठोकळे खोक्यात गेले. सदरे धरले गेले. त्या खरखरीत आवाजामागे सगळा वर्ग निघाला, आणि नळाशी पोचल्यावर मोठ्या बाईंना थांबवेना. त्यांनी गाणं इतक्या वेळा म्हटलं, की मुलांचे हात चकचकीत झाले आणि शाळेची टाकी कोरडी पडली.

ताईला आधी बोचलं. या आवाजावरसुद्धा? मग तिने चिकटरावाकडे पाहिलं. फाटकाच्या गजांना चिकटणारा तो, आज दुसऱ्याचं बोट धरून त्याला पलीकडे नेत होता. तिच्या आत काहीतरी फुगत गेलं. ती नव्हती तरी चाललं होतं. चाललं होतं, कारण तिने ते असं बांधलं होतं, की तिच्यावाचून चालावं. एवढा अभिमान तिला स्वतःच्या गळ्याचा कधीच वाटला नव्हता.

"पाहिलंस?" मोठ्या बाई ओल्या हातांनी परत आल्या. चेहरा उजळला होता. "माझ्या गाण्यावर चालली मुलं!"

"पाहिलं, बाई."

"घंटा वरच्या मजल्यापुरती. खाली गाणी. आणि त्या झोपेच्या गाण्याचं काय आहे ते मला जरा... शिकव."

घंटेवाल्याने खालच्या वर्गाची तार त्याच दुपारी काढली. कुणाला नको असलेली घंटा काढताना त्याला वाईट वाटेल असं ताईला वाटलं होतं. तो मात्र वर बोट दाखवून म्हणाला, "ऐकलीत ना? तशी घंटा पुन्हा माझ्याच्यानेही व्हायची नाही."

"ऐकली," ती म्हणाली. "इतकी सुंदर वाजली की कुणी उठलंच नाही."

तो हसला. पिशवी भरली. शिडी खांद्यावर घेतली. आणि तसाच उभा राहिला.

"काम संपलं माझं."

"हं."

"आता यायला काही कारण नाही."

"हं."

तो जाईना, ती बोलेना. मुलांना एकीकडून दुसरीकडे नेणारी ही बाई, पण स्वतःला एक पाऊल टाकायचं तर पायाखाली काहीच नव्हतं. त्याने तिच्याकडे पाहिलं. "याला एखादं गाणं नाही का तुमच्याकडे?"

ताईने विचार केला. मनातल्या मनात सगळ्या चाली चाचपून पाहिल्या. मग मान हलवली.

"नाही. हे न गाताच म्हणायला लागणार." तिने श्वास घेतला. "उद्या घरी या."

"काय बिघडलंय?"

"काही नाही बिघडलेलं. हत्यारं आणू नका. शिडी आणू नका. कारण आणू नका." तिचा आवाज अगदी साधा होता, बिनचालीचा. "मला तुम्ही हवे आहात, म्हणून या."

शिडी त्याच्या खांद्यावरून घसरली ती थेट पायावर. लागलं असणार. त्याला पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी ताईच्या आईने दार उघडलं. बाहेर इस्त्रीच्या सदऱ्यातला एक माणूस, दोन्ही हात रिकामे, पाय थोडा लंगडत.

"कोण हवंय?"

"तुमची मुलगी."

"काय काम आहे?"

"काहीच नाही," तो छाती काढून म्हणाला. आयुष्यात इतक्या ऐटीत तो कधीच काही बोलला नव्हता.

आई आत आली. "अगं, दारात कोण उभा आहे बघ. काही काम नाही म्हणतो आणि जागचा हलतही नाही. कोण गं हा?"

ताईने केस सावरले, पदर सावरला, आणि दाराकडे बघत, त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली,

"माझा आहे, आई. आत घे."